नसलेल्या आळीचा खजिनदार

आयुष्यात मी जमीन एकदाच घेतली. तिला सात-बारा नव्हता, तलाठी नव्हता, बांधावरून भांडणारा शेजारी नव्हता. आणि खरे सांगायचे तर ती जमीनही नव्हती. ५१२ चौरस मीटरांचा तो तुकडा मी २००७ सालच्या जानेवारीत ५१२ डॉलरांना घेतला. आकडा ऐकून दचकू नका. हे डॉलर अमेरिकेचे नव्हेत, ते 'लिंडेन डॉलर'. असले २७० च्या आसपास डॉलर मोजले म्हणजे त्या वेळी अमेरिकेचा एक खरा डॉलर हाती येई. म्हणजे सदाशिव पेठेत दोन खोल्यांत जन्म काढलेल्या एका निवृत्त बँक-कॅशियरने ऐंशी-पंच्याऐंशी रुपयांत पाच गुंठे जागा पदरात पाडून घेतली होती! ही बातमी मी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात जाऊन सांगितली. ही भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता तिने विचारले, ''पाणी आहे का तिथे?''

पाणी होते. समुद्रच होता. पण तो ओला नव्हता.

हे सारे घडले ते मुलामुळे. २००५ साली तो कॅलिफोर्नियात नोकरीला गेला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मी छत्तीस वर्षांची बँकेची नोकरी संपवून घरी बसलो. ज्याने छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या, त्याचे हात निवृत्तीनंतर कसे वळवळतात हे अनुभवानेच कळायचे. मी दुधाच्या पिशव्या मोजी, जिन्याच्या पायऱ्या मोजी. टेलिफोनवर मुलाशी बोलायला बसलो की पहिल्या दोन मिनिटांत हवापाणी आणि प्रकृती उरकून जाई, आणि मग दोन्हीकडे नुसती घरघर. शेवटी एके दिवशी तोच म्हणाला, ''बाबा, आपण बोलण्याऐवजी कुठं तरी फिरायला जात जाऊ.''

फिरायला जायचे ते गाव म्हणजे 'सेकंड लाइफ'. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'लिंडेन लॅब' ह्या कंपनीने ते २००३ सालच्या जूनमध्ये सर्वांना खुले केले. फिलिप रोझडेल हा तिचा संस्थापक. वाचकहो, ह्याला खेळ म्हणाल तर फसाल. त्यात जिंकायचे नाही की हरायचे नाही. कंपनीने दिले काय, तर ओसाड जमीन, आकाश, सूर्य आणि बांधकामाचे साहित्य. बाकी सगळे, म्हणजे घरे, झाडे, दुकाने, अंगातले कपडे, पायांतले जोडे, एवढेच काय पण हसण्याची आणि नाचण्याची रीतसुद्धा, तिथल्या रहिवाशांनी बनवायचे आणि हवे तर एकमेकांना विकायचे. तिथे वावरणाऱ्या आपल्या बाहुलीला 'अवतार' म्हणतात. हा आपलाच शब्द! १९८६ साली लुकासफिल्मने 'हॅबिटॅट' नावाचे असेच एक गाव टेलिफोनच्या तारांवरून चालवले. तिथल्या चित्रांसाठी तो शब्द वापरला गेला आणि मग तो त्या व्यवसायात रूढच झाला. दशावतारांच्या देशातला मी माणूस. पण माझा पहिला अवतार चालताना भिंतीवर आपटत असे, आणि एकदा उडायला शिकल्यावर त्याला उतरता येईना. मुलगा खाली उभा राहून मला हाका मारत होता. ह्याच मुलाला मी सायकल शिकवली होती.

हळूहळू ओळखी झाल्या. न्यू जर्सीच्या एक वहिनी, टोरोंटोचे डॉक्टर, सिंगापूरचे एक काका, बंगलोरचा एक तरुण, नागपूरचे एक शिक्षक जोडपे अशी बारा मराठी घरे जमली. एका खासगी जमीनदाराच्या बेटाचा चौथा हिस्सा आम्ही भाड्याने घेतला. माझी पाच गुंठे जमीन मी विकली. तिचे पाच हजार आले ते आळीच्या निधीत घातले. आळी! हो, आम्ही तिला आळीच म्हणत होतो. मध्ये फरसबंद रस्ता, दोन्ही बाजूंना ओट्यांची घरे, टोकाला एक आड, त्यावर कडुलिंब आणि समोर तुळशीवृंदावन. वृंदावन माझ्या हातचे. ते जरासे कलते झाले होते, पण पाडायला कुणी तयार होईना.

आणि बँकेतला माणूस म्हणून मला एकमताने खजिनदार करण्यात आले. मंडईजवळून मी लाल कापडी बांधणीची एक वही आणली, पहिल्या पानावर 'श्री' काढला आणि जमा-नावे सुरू केले. फार दिवसांनी रात्री झोप लागली.

आता खजिनदाराला जमवायचे काय असे, ते सांगतो. भाडे आठवड्याला पाच हजार लिंडेन डॉलर. बारा घरांकडून साडेचारशेप्रमाणे ५,४०० येत. चारशे गंगाजळीत पडत. पण पैशांपेक्षाही टंचाई होती ती 'प्रिम'ची. प्रिम म्हणजे बांधकामाचा मूळ ठोकळा. भिंत एक प्रिम, खांब एक प्रिम, पणतीला दोन-तीन. अख्ख्या बेटाला मिळून १५,००० प्रिम मिळत. म्हणून आमच्या चौथ्या हिश्श्याला ३,७५०. चाळीत ज्यांनी सकाळी तासभर येणाऱ्या नळाखाली बादल्यांची रांग लावली आहे, त्यांना हे लगेच समजेल. घरटी अडीचशे आणि सामायिक साडेसातशे असे मी वाटप केले. तरी एकाने दिवाणखान्यात साठ प्रिमांचे झुंबर टांगले, आणि त्या दिवशी आडाचा रहाटच उमटेना!

मी माझ्या समजुतीने न्याय केला. जो जास्त प्रिम वापरील त्याने जास्त वर्गणी द्यावी, असा ठराव आणला. वरवर पाहता त्यात काही चूक दिसत नाही. पण महिनाभरात वहीत विलक्षण प्रकार दिसू लागला. सर्वांत जास्त कर भरत होत्या न्यू जर्सीच्या वहिनी. कारण आड त्यांनी बांधला होता, कडुलिंब त्यांनी लावला होता आणि पारही त्यांचाच होता. ज्याने रिकाम्या खोलीत एक सतरंजी टाकली होती तो मजेत पारावर येऊन बसे आणि जवळजवळ फुकट राही. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त एका रविवारी येऊन पाहतो तो कडुलिंबाची निम्मी पाने काढून टाकलेली!

मुलाला हे सांगितले तेव्हा तो हसला. ''बाबा, कंपनीनंही हेच केलं होतं,'' तो म्हणाला. २००३ साली आरंभी तिथे वस्तूंवर साप्ताहिक कर होता. जितके बांधाल तितके भरा. 'अमेरिकाना' नावाच्या भागात काही रहिवाशांनी मोठमोठी सार्वजनिक बांधकामे हौसेने उभी केली होती. कराचा सगळ्यांत मोठा फटका त्यांनाच बसला. तेव्हा त्यांनी बॉस्टनच्या १७७३ सालच्या चहा-बंडाची आठवण म्हणून जागोजाग चहाची प्रचंड खोकी रचून ठेवली. आपल्याकडे असते तर कुणी मिठाच्या राशी घातल्या असत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने तो कर काढून टाकला आणि आकार जमिनीवर बसवला. आणि त्याआधी नोव्हेंबरात तिने आणखी एक गोष्ट मान्य केली होती: रहिवाशाने तिथे जे घडवले त्याचा हक्क त्या रहिवाशाचा. ते गाव पुढे वाढले ते मुख्यतः ह्या दोन निर्णयांनी, असे मला वाटते. माणूस बांधतो तेव्हा त्याला दंड करू नये, आणि त्याने बांधलेले त्याच्या नावावर असू द्यावे. इतकी साधी गोष्ट. पण ती कंपनीलाही ठेच लागल्यावर कळली आणि मलाही. मी ठराव मागे घेतला. पुढच्या रविवारी कडुलिंब पुन्हा गच्च झाला होता.

त्या दिवसांत मी ह्या विषयाच्या नादीच लागलो. नाही तरी पैसा हे माझे जन्माचे खाते. तिथला पैसा येतो कुठून आणि जातो कुठे? वर्गणीदार सभासदाला आठवड्याला तीनशे लिंडेन डॉलर भत्ता मिळे, ही आवक. एखादे चित्र किंवा कापडाचा नमुना त्या जगात चढवायचा तर दहा डॉलर कापले जात, ही जावक. आवक फार झाली तर पैसा सवंग होतो, जावक फार झाली तर दुकाने ओस पडतात. जणू टाकीला वरून नळ आणि खालून तोटी. दोन्हींवर हात ठेवून कुणी तरी बसलेच पाहिजे.

न बसल्यास काय होते त्याची गोष्ट त्या जुन्या 'हॅबिटॅट'मध्ये घडलेली आहे. चालकांनी जन्माला येणाऱ्या प्रत्येक अवताराला २,००० नाणी दिली होती. गावात वस्तू विकणारी यंत्रे होती आणि वस्तू विकत घेणारीही. किंमती लावताना कुणाची तरी चूक झाली. एका यंत्रात बाहुली ७५ ला मिळे, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र तीच बाहुली १०० ला घेई! काही चलाख मंडळींच्या हे ध्यानात आले. त्यांनी रात्रभर बाहुल्यांच्या खेपा घातल्या. पैसे पुरेसे झाल्यावर स्फटिकाचे गोळे १८,००० ला घेऊन ३०,००० ला विकले. सकाळी चालकांनी पाहिले तो गावातला एकूण पैसा एका रात्रीत पाचपट झालेला! पण गंमत पुढेच आहे. त्या मंडळींनी पैसा दडवून ठेवला नाही. त्यातून त्यांनी गावकऱ्यांसाठी शोधाशोधीचे खेळ भरवले, बक्षिसे वाटली. ही हकिगत चालकांनी, चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर ह्यांनी, स्वतःच १९९० साली लिहून ठेवली आहे. मला ती फार आवडे. रविवारच्या बैठकीत मी ती रंगवून सांगे, आणि शेवटी कॅशियरच्या थाटात म्हणे, ''यंत्र चुकतं, माणूस चुकतो. वही चुकत नाही.''

आणि मग मी चुकलो.

२००७ च्या जुलैत आळीची गंगाजळी ३८,००० लिंडेन डॉलरांवर गेली होती. वहिनी तिथे नऊवारी साड्या आणि नथी बनवून विकत, त्यांच्या विक्रीचा चौथा हिस्सा त्या निधीत टाकत. तोच त्यात मोठा. सप्टेंबरच्या पंधरा तारखेला गणपती होते. मंडप, कमान, ढोलाचा आवाज असे अंदाजपत्रक झाले आणि तीन हजार कमी पडू लागले. वर्गणी वाढवा म्हणायला माझी जीभ रेटेना. त्या जगात तेव्हा रहिवाशांनीच काढलेल्या बँका होत्या. त्यांतली एक वर्षाला शेकडा चाळीसच्या घरात व्याज देत होती. मी कुणालाही न विचारता सगळी रक्कम तिथे ठेवली.

छत्तीस वर्षे काउंटरवर बसून मी किती जणांना सांगितले असेल, 'व्याज जाड तिथं मुद्दल पातळ'! फसव्या योजनांच्या कागदांसह आलेल्या किती विधवांना आणि पेन्शनरांना परत पाठवले असेल! मग मीच का गेलो? पैशांचा लोभ नव्हता. ते पैसे माझे नव्हतेच. लोभ होता तो शाबासकीचा. 'काकांनी वर्गणी न वाढवता मंडप उभा केला' हे वाक्य मला ऐकायचे होते. निवृत्त माणसाला ह्या व्याजाचा मोह फार असतो.

जुलैच्या २५ तारखेला कंपनीने त्या जगातला जुगार बंद केला. जुगाराच्या अड्ड्यांवर पुष्कळ पैसा फिरत होता. तो एकाएकी आटला. लोक बँकांकडे धावले. मीही धावलो. पुण्यात रात्रीचा एक वाजला होता. पैसे काढायचे यंत्र म्हणून तिथे एक निळी पेटी होती आणि तिच्यासमोर ही गर्दी. कुणी लांडग्याच्या तोंडाचा, कुणी सोनेरी पंखांची बाई, कुणी साक्षात ड्रॅगन. पण सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते. मला आमची शाखा आठवली. अफवा उठली की सकाळी दहाच्या आधी दाराशी जमणारे ठेवीदार आठवले. तीच चुळबुळ, तोच शेजाऱ्याला विचारलेला प्रश्न. इथे पंख असूनही कुणाला उडून जाता येत नव्हते. त्यांना धीर देत जाळीच्या पलीकडे बसायची मला सवय. अलीकडे उभे राहायची नव्हती. दोन दिवसांनी पेटीवर पाटी लागली, 'पैसे काढणे तूर्त बंद.' ते तूर्त अजून संपलेले नाही.

३८,००० लिंडेन डॉलर म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पाच हजार सातशे रुपये. एवढे माझ्या पेन्शनमधून निघाले असते. पण तिथे पैसे भरायचे तर मुलाच्या कार्डावरून भरावे लागत. म्हणजे त्याला सांगणे आले. आणि तेच मला करायचे नव्हते.

मग मी एक मार्ग काढला. त्या जगात काही दुकानदार आपल्या दारात खुर्च्या मांडून ठेवत. त्यांवर नुसते बसले तरी पैसे मिळत. कारण जिथे माणसे फार, ते दुकान यादीत वर येई. पाव तासाला तीन लिंडेन डॉलर! मी माझ्या अवताराला रोज रात्री असल्या एका खुर्चीवर बसवू लागलो. तासाला बारा, ३८,००० ला तीन हजारांहून जास्त तास. तासाची कमाई आपल्या पैशांत पावणेदोन रुपये, आणि त्यातले निम्मे कॉम्प्युटरच्या विजेला. हा हिशेब मी लाल वहीच्या शेवटच्या पानावर मांडला होता. तो आजही तिथे आहे. मध्येच कुणी उठवून लावील म्हणून मी जागा राहून पहारा करी.

एका रात्री दोनच्या सुमारास ही पाणी प्यायला उठली. पडद्यावर एक टकलू गृहस्थ खुर्चीवर बसलेला आणि पडद्यासमोर दुसरा टकलू गृहस्थ खुर्चीवर बसून त्याच्याकडे पाहतो आहे, असे दृश्य तिला दिसले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''अहो, त्यांना कशाला बसवून ठेवलंय?''

मी सगळे सांगितले. ती समोरच्या पाटावर बसून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, ''पैसे गेले ते गेले. पण रोज सकाळी तुम्ही आमटीत मीठ कमी आहे म्हणता आणि मीठ असतं. ते काही पाच हजारांचं दुःख नव्हे. सांगून टाका.''

ऑगस्टमधला तिसरा रविवार. श्रावण नुकताच लागला होता. आमच्याकडे सकाळचे साडेआठ, कॅलिफोर्नियात शनिवारची रात्र. पारावर बारा घरची मंडळी जमली होती. मी आधीच कागदावर लिहून ठेवलेला मजकूर टाइप केला. तिथे एक पद्धत आहे: माणूस टाइप करू लागला की त्याच्या अवताराचे हात हवेत टकटक करू लागतात. माझे हात थांबले. त्यानंतर मिनिटभर पारावर एकही हात हलला नाही. छत्तीस वर्षांत कॅशमध्ये तूट आली तेव्हाही मी एवढी शांतता ऐकली नव्हती.

पहिल्यांदा हलले ते बंगलोरच्या तरुणाचे हात. तो म्हणाला, ''काका, पैशाचं काही नाही. पण तुम्ही विचारायला हवं होतं.'' आणि त्याने घर सोडले. मला त्याचा राग आला नाही. त्याचे म्हणणे खरे होते. बाकीची मंडळी थांबली. पण 'जाऊ द्या हो काका' म्हणून कुणी विषय झटकला नाही, ह्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. त्यांनी नियम केले. दर रविवारी जमाखर्चाचे टिपण वृंदावनाला लावायचे. कुठलाही खर्च दोघांच्या संमतीने. चार आठवड्यांच्या भाड्यापलीकडे गंगाजळी साठवायचीच नाही. खजिनदार मीच राहायचे, आणि तूट मी स्वतःच्या कमाईतून, महिना हजारप्रमाणे, भरून काढायची. मुलाने सगळी रक्कम एकदम भरायची तयारी दाखवली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ''नको. काकांना आवडणार नाही.'' त्यांनी माझी नाडी बरोबर पाहिली होती.

बैठक संपल्यावर अर्ध्या तासाने टेलिफोन वाजला. मुलगा होता. मी बोलण्याची तयारी करीत होतो; तोच त्याने विचारले, ''बाबा, चहा घेतलात का?'' मग जरा थांबून म्हणाला, ''रोज दुपारी ऑफिसात मला दिसायचं, तुमच्या नावापुढं 'ऑनलाइन'. पुण्यात रात्रीचे दोन वाजलेले. मला वाटायचं, आईला काही झालंय आणि तुम्ही सांगत नाही आहात. विचारायची भीती वाटायची.'' मी पैशांचा हिशेब ठेवत होतो. इकडे हा अवघा दिवस काळजीत काढत होता, त्याची नोंद कुठेच नव्हती. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. हवापाण्यावर एक शब्दही झाला नाही.

गणपती साधेच बसले. मंडप नाही, कमान नाही. मूर्तीला पैसे लागत नव्हते, प्रिम लागत होते. तेव्हा अकरा घरांनी आपापल्या वाट्यातले पाच-पाच दिले. कुणी कोनाडा मोडला, कुणी झोपाळ्याची एक कडी. त्या झुंबरवाल्या गृहस्थांनी झुंबर उतरवले, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पंचावन्न प्रिमांची मूर्ती वहिनींनी घडवली. सोंड जरा जाड झाली होती. आरतीला ही माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि पडद्यापुढे तिने खरी निरांजन ओवाळली.

पुढे २००८ च्या जानेवारीत कंपनीने जाहीर केले की २२ तारखेपासून, सरकारी नोंदणीचा पुरावा असल्याखेरीज कुणी त्या जगात व्याज देण्याचा व्यवहार करू नये. मला विचाराल तर हे आधी करायला हवे होते. पण त्यांचीही अडचण मला समजते. रहिवाशांच्या हौसेवर आणि उद्योगावर गाव वाढले. त्यांतूनच अ‍ॅन्शे चुंगसारखी बाई जमिनीच्या व्यापारात पुढे आली आणि २००६ च्या मे महिन्यात 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकली. दर पावलाला चालकाने हात धरला तर माणसे बांधायचे सोडून देतात. मुळीच धरला नाही तर निळ्या पेट्या उभ्या राहतात. हात धरायचा कुठे आणि सोडायचा कुठे, हा प्रश्न घरातल्या बापालाही सुटत नाही, मग कंपनीला कसा सुटावा?

मी माझे कर्ज फेडू लागलो. तिथल्या दोन कापड-दुकानदारांच्या वह्या लिहायचे काम मिळाले. प्रत्येकी महिना पाचशे. एक दुकानदार ब्राझीलचा होता आणि दुसरा कुठला ते मला कधीच कळले नाही. पण जमेचा आणि नाव्याचा धर्म सगळीकडे एकच. सप्टेंबर २००७ ते ऑक्टोबर २०१०, अडतीस महिने, अडतीस हजार. शेवटचा हप्ता भरला तेव्हा मी वहीत लाल शाईने 'येणे शून्य' असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. त्याच दिवाळीत आळी बंद झाली. लक्ष्मीपूजनाला आम्ही शेवटचे पारावर बसलो. मग भाडे भरले नाही. आमचे भाड्याचे दिवस संपले की तिथल्या वस्तू नष्ट होत नाहीत. ज्याच्या त्याच्या पोतडीत 'हरवले-सापडले' म्हणून परत येतात. माझ्या पोतडीत कलते वृंदावन आले. ते गाव स्वतः मात्र अजून चालू आहे. २०२३ साली त्याला वीस वर्षे पूर्ण झाली.

हे सारे आज आठवण्याचे कारण माझी नात. ती दिवाळीला आली आहे. दहा वर्षांची आहे. 'रोब्लॉक्स' नावाच्या जगात ती रमते. तिथेही खेळ बांधतात ते खेळणारेच, आणि नाणे 'रोबक्स'. माळ्यावरून फराळाचे डबे काढताना लाल वही खाली पडली. तिने ती उघडली आणि 'येणे शून्य' वाचून अर्थ विचारला. मी सांगू लागलो. मुलगा शेजारी करंज्या खात बसला होता. तो सहज म्हणाला, ''बाबा, तुम्हाला सांगायचं राहिलंच. २००९ च्या सुरुवातीलाच सगळ्यांनी आळी बंद करायचं ठरवलं होतं. तोवर सातच घरं उरली होती. कॉम्प्युटरवर समोरासमोर चेहरा बघून बोलता येऊ लागलं होतं. भाडं कशाला भरायचं? पण वहिनी म्हणाल्या, काकांचे हप्ते फिटेपर्यंत थांबू. मध्येच बंद केलं तर ते जन्मभर तुटीत राहतील.''

मी वही जवळ ओढली. भाड्याच्या नोंदी माझ्याच हस्ताक्षरात होत्या. फेब्रुवारी २००९ पासून ऑक्टोबर २०१० पर्यंत, आठवड्याला पाच हजार. चार लाखांवर लिंडेन डॉलर सात घरांनी भरले, ते एका माणसाला अडतीस हजार फेडता यावेत म्हणून! आणि मी दर रविवारी त्या रकमा बिनचूक लिहून, टिपण वृंदावनाला लावत होतो.

नातीने विचारले, ''मग आजोबा, हे शून्य चुकलंय का?''

मी पेन काढले, टोपण उघडले. छत्तीस वर्षांची नोकरी आणि चार वर्षांची खजिनदारी; पण ही रक्कम कुठल्या बाजूला लिहावी, ते मला अजून ठरवता आलेले नाही.